हौदावरची म्हैस आणि त्रिग्राम संरक्षण मंडळ

गेल्या मार्गशीर्षातल्या एका सोमवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, सराटेगावची एक म्हैस ओढा ओलांडून कुसळवाडीच्या हद्दीत आली, आमच्या जनावरांच्या हौदावर पोटभर पाणी प्याली, हौदाच्या कडेला अंग घासलं आणि आल्या वाटेनं परत गेली. घटना एवढीच. पण तालुक्याच्या कचेरीत एकतीस वर्षं मी आवक-जावक टेबल सांभाळलंय. घटना कितीही लहान असू द्या, तिच्यावर नंबर पडला की ती लहान राहत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. या घटनेवर नंबर मीच टाकला. आवक क्रमांक एक.

माझं नाव मोहनराव. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा अक्षर चांगलं आहे म्हणून गावानं मला सगळ्या समित्यांचा बिनपगारी सचिव करून टाकलं. म्हैस आली त्याच दिवशी सरपंच अंगदरावांनी मारुतीच्या पारावर सभा बोलावली. अंगदरावांनी दिवाळीत भिंतीएवढा टीव्ही घेतला होता आणि तेव्हापासून ते जगातल्या लढाया बघूनच जेवत असत.

"आज म्हैस पानी पिऊन गेली," ते म्हणाले. "उद्या रेडा येईल. परवा मानसं येतील. तवा आपुन काय करनार? मोठमोठाले देश बगा, एकजुटीनं फौजांवरचा खर्च कसा वाढवायलेत! आन् आपल्या हौदाला साधी काठी न्हाई. लई गाफील हाओत आपुन."

मग कडेला बसलेली बायनाबाई बोलली. तिची बारा शेरडं आहेत आणि ती ओढ्याच्या दोन्ही अंगांना चरतात. "म्हैस कुनाची व्हती त्ये कुनी इचारलं का?" ती म्हणाली. "जाऊन सांगा त्याला, बांदून ठेव बाबा म्हनून. झालं."

"बायनामावशे, ह्यो सुरक्षेचा इषय हाय," अंगदराव म्हणाले. "शेरडांचा न्हाई."

आता खरं सांगायला हवं. म्हैस कुणाची होती ते मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी माझी लेक स्वप्नाली सराटेगावच्या बंकटरावांच्या लखनला दिली, तेव्हा आंदण म्हणून जी म्हैस दिली तीच ही. बिजली. कपाळावर पांढरा ठिपका, डावं शिंग खाली वळलेलं. आमच्याच गोठ्यात जन्मली, त्याच हौदावर पाणी पिऊन वाढली. बिचारी माहेरी येऊन गेली होती. मी उभं राहून एवढं एक वाक्य बोललो असतो तर सभा चहा पिऊन उठली असती.

पण बोललो नाही. बोललो असतो तर लोक म्हणाले असते, सचिवाचे सोयरे तिकडं, याचा जीवही तिकडंच. शिवाय मला वाटलं, अर्ध्या गावानं त्या म्हशीला रेडकू असल्यापासून पाहिलंय, कुणीतरी बोलेलच. अर्ध्या गावाला बहुधा वाटलं असावं की म्हैस मोहनरावाची, मोहनरावच बोलेल. मग इतिवृत्तात, माझ्या चांगल्या अक्षरात, 'एक अनोळखी म्हैस' अशी नोंद झाली.

दुसऱ्या दिवसापासून हौदावर काठ्या घेऊन दोन माणसं बसली. ते पाहून पलीकडच्या काठावर चार बसली. आपण आठ बसवावीत हे उघडच होतं. तिकडं सोळा झाली तेव्हा आमच्याकडची दिवसभर हौदावर बसण्याजोगी रिकामी माणसं संपली, आणि नेमका तेव्हाच सोमेश्वर आला.

सोमेश्वरचं तेलगावच्या रस्त्याला दुकान होतं. रानडुकरं शेतात शिरू नयेत म्हणून तो तारेचं कुंपण आणि सौरदिवे विकत असे. आता त्यानं पाटी बदलून 'संरक्षण साहित्य' अशी लावली होती. साहित्य तेच. बोलायला मात्र गोड माणूस.

"मामा, मी भेव इकत न्हाई," तो मला म्हणाला. "भेव तुमच्याकडं आदीच हाय. त्याला शोभंल आसं मटेरियल देतो फकस्त. आता बगा, समोरच्यांनी सहा कॅमेरे बशिवले. खरं तर मी हे सांगू नाई. पन तुमी घरचे."

आम्ही बारा कॅमेरे घेतले. साडेअकराला सोमेश्वर मोटारसायकलवरून ओढा ओलांडून सराटेगावला गेला. तिथंही त्याचा चहा ठरलेला होता आणि तिथलेही त्याचे घरचेच होते, हे मला फार उशिरा कळलं. त्या सहा महिन्यांत दोन्ही गावांत रोज जाऊन येणारा माणूस तेवढा एकच. बायनाबाईनं एकदा त्याला रस्त्यात अडवून सांगितलं, "बाबा, जातूच हायस तर तिकडच्यांना बसून बोला म्हनावं." त्यावर तो नम्रपणे म्हणाला, "मावशे, निरोपाचं काम आमच्या दुकानात व्हत न्हाई. भोंगा बिंगा पायजे आसंल तर सांग."

आता एकट्या गावाला हे झेपणारं नव्हतं. म्हणून शेजारची ढाकणवाडी आणि तळेवस्ती यांना घेऊन 'त्रिग्राम संयुक्त संरक्षण मंडळ' स्थापन झालं. करारनामा मीच लिहिला. कलम एक: एका गावावर हल्ला हा तिन्ही गावांवर हल्ला समजण्यात येईल. कलम दोन: प्रत्येक गाव आपल्या निधीतल्या रुपयामागं दोन आणे संरक्षणावर खर्च करील. या दोन कलमांना टाळ्या पडल्या. कचेरीतल्या जुन्या सवयीनं मी तिसरंही लिहून ठेवलं होतं. कलम तीन: मुळात भांडणच होऊ नये म्हणून समोरच्या गावाशी बोलणी करण्याची जबाबदारी पुढीलप्रमाणे राहील. आणि पुढं मोकळी जागा सोडली होती.

त्या मोकळ्या जागेवर दोन तास गेले. ढाकणवाडीचे सरपंच आसाराम म्हणाले, "हद्द कुसळवाडीची, तवा कुसळवाडीनंच बोलावं." अंगदराव म्हणाले, "आमी बोल्लो तर आमी भ्यालो आसं व्हतंय. तुमी लांबचे, तुमी बोला." तळेवस्तीचे उपसरपंच म्हणाले, "जे गाव मोठं त्यानं बोलावं." मग मोठं गाव कुठलं यावरून मित्रपक्षांतच कॉलर धरायची वेळ आली. शेवटी सोमेश्वरनं समजावून सांगितलं की बोलण्याला कोटेशन लागत नाही, मग त्याचं बिल तरी कशाच्या नावानं निघणार? हे सगळ्यांना पटलं. कलम तीनसमोर मी कंसात लिहिलं, 'यथावकाश भरण्यात येईल.'

दोन आण्यांची अट मात्र तिन्ही गावांनी इमानदारीनं पाळली. आसारामांनी ढाकणवाडीच्या वेशीवर आपल्या वडलांच्या नावाची कमान उभारली आणि ती 'प्रवेशद्वार नियंत्रण' या सदरात दाखवली. तळेवस्तीनं डीजे घेतला. त्याचं नाव 'ध्वनी इशारा यंत्रणा', आणि त्याच आठवड्यात तिनं दोन लग्नांत इशारे दिले. अंगदरावांच्या मोसंबीच्या बागेला तारेचं कुंपण आलं, ती अग्रिम तटबंदी. मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. माझ्या गोठ्याची मागची भिंत दुय्यम तटबंदीत बसली. सिमेंट एक नंबर होतं.

चैत्रात चराचा विषय निघाला. ओढ्याच्या वाटेवर आडवा चर खोदायचा, पाच फूट रुंद, सहा फूट खोल. सूचना मी लिहून फळ्यावर लावली. 'हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवावे. मुदतीत हरकत न आल्यास सर्वांची संमती आहे असे समजण्यात येईल.'

बायनाबाईला वाचता येत नाही. तिनं माझ्याकडून सूचना वाचून घेतली आणि म्हणाली, "मंग माजी शेरडं पल्याड कशी जातील? ल्हिवा माजी हरकत."

"अर्ज तीन प्रतींत लागतो," मी म्हणालो. "सोबत आधार कार्डाची झेरॉक्स."

झेरॉक्सचं दुकान उमापूरला. ती गेली तेव्हा लाइट नव्हती. दुसऱ्यांदा गेली तेव्हा मशीन बिघडलं होतं. तिसऱ्यांदा ती झेरॉक्स घेऊन आली तो आठवा दिवस होता, आणि जेसीबी वाटेवर उभं होतं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मुदत म्हणजे मुदत. नवव्या दिवशी तेच जेसीबी पलीकडं गेलं आणि त्यानं सराटेगावचाही चर खोदून दिला. यंत्र आलंच होतं, तर येण्याजाण्याचं भाडं वाचलं.

त्या दिवशी मी जेवायला बसलो तर ताट माझ्यापुढं आदळलं. आमच्या मंडळींचं नाव चतुराबाई.

"लेकीला सातवा लागला," ती म्हणाली. "पयलं बाळतपन माहेरीच असतंय. तिला आनायचं कवा?"

"अर्ज करावा लागंल."

"कुनाला?"

"सचिवाला."

"सचिव कोन हाय?"

"मीच."

"मंग करा की मंजूर!"

"सचिवाला अधिकार नसतोय," मी शांतपणे समजावलं. "तो नुसता पुढं पाठवतोय."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. तिचं चुकत होतं असं नाही. फेऱ्याची वाट बावीस किलोमीटर, आणि तिच्यावरच्या पुलाचं काम ठेकेदार निम्म्यात टाकून गेलेला. पोरीला धक्के बसू देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. आरोग्य उपकेंद्र आमच्या गावात, सराटेगावात साधी नर्स नाही. ओढ्याच्या वाटेनं सराटेगाव ते कुसळवाडी दहा मिनिटं, आणि त्या दहा मिनिटांत आता दोन चर होते. त्यातला एक माझ्या सहीचा.

मी अर्ज लिहिला, विषय 'सीमापार गरोदर लेकीचे आगमन', आणि मंडळापुढं ठेवला. आसारामांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"येनारी एक हाय का दोन?" त्यांनी विचारलं.

"पोटातलं धरून दोन."

"पोटातलं कुनाच्या बाजूचं?"

यावर बरीच चर्चा झाली. बापाकडून पाहिलं तर ते सराटेगावचं होतं. म्हणजे रीतसर परवानगी देऊन आपण समोरचा एक माणूस आत घेत होतो. परवानगी द्यायचीच तर समोरच्या मंडळाशी बोलावं लागेल, आणि बोलायचं कुणी, ते कलम तीनमध्ये. कलम तीन मोकळं. मी, त्या पोटातल्याचा आजोबा, इतिवृत्तात लिहिलं, 'विषय विचाराधीन.'

व्याह्यांना फोन केला. बंकटराव रडकुंडीला आले होते.

"इवाई, मी पन अर्ज केलता," ते म्हणाले. "आमचं मंडळ सोडंना. म्हनतेत, तिकडून कागूद येऊ द्या."

"मग तुमच्या सचिवाला भेटा की."

"मीच हाय ना सचिव. अक्षर चांगलं हाय म्हनून केलं मला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "बंकटराव, ती म्हैस तुमचीच, हे तुमच्या सभेत सांगितलं होतं का हो?"

"कसं सांगू? लोक म्हनले आसते, ह्याचे सोयरे तिकडं हाएत. मला वाटलं, तुमी सांगचाल."

ज्येष्ठातल्या एका गुरुवारी, भर दुपारी बाराला, आमच्या कॅमेऱ्यात ओढ्यापलीकडं हालचाल दिसली. एक बैलगाडी, गाडीला मागून बांधलेलं एक काळं जनावर, आणि गाडीत कुणीतरी आडवं. अंगदरावांनी भोंगा वाजवला. लगेच पलीकडचा भोंगा वाजला. अकरा मिनिटांत आमची चाळीस माणसं काठ्या घेऊन चराच्या अलीकडं उभी राहिली. पलीकडच्या चरामागं साठ आली. मी वही घेऊन पोचलो तेव्हा गाडीतून आवाज ऐकू आला, "आई गं!" आणि माझ्या हातातली वही गळून पडली. तो स्वप्नालीचा आवाज होता.

कळा अकरालाच सुरू झाल्या होत्या. कुणाच्या कागदाची वाट न बघता जावयानं गाडी जुंपली होती. बाळंतिणीच्या दुधाला म्हणून बंकटरावांनी बिजलीही गाडीमागं बांधून दिली होती.

"कुनी हालू नगा!" अंगदराव ओरडले. "ह्यो डाव आसू शकतोय. मी कलम एक लावतो." त्यांनी मित्रपक्षांना फोन लावले. आसाराम म्हणाले, "अंगदराव, आमी मनानं तुमच्यासंगंच हाओत. पन आज कमानीचं उद्घाटन हाय, पाव्हणे बसलेत." तळेवस्तीची इशारा यंत्रणा वरातीला गेली होती. त्यांनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दंडाच्या बेडकीची तीन चित्रं टाकली.

चाळीस आणि साठ माणसं एकमेकांकडं बघत उभी. पोरगी विव्हळत होती. तेवढ्यात बिजलीनं मान वर केली आणि हौदाकडं बघून मोठ्यानं हंबरडा फोडला. आमच्या बाजूचा एक जण म्हणाला, "आरं, ही तर मोहनरावाची बिजली!" दुसरा म्हणाला, "मंग? मला पयल्या दिसापास्नं म्हाईत व्हतं." तिसऱ्यालाही माहीत होतं. अंगदराव माझ्याकडं न बघता म्हणाले, "ठिपक्यावरनं मला बी वाटलंच व्हतं." चाळीसच्या चाळीस जणांना माहीत होतं. त्या सहा महिन्यांत ती म्हैस कुणालाच अनोळखी नव्हती, फक्त इतिवृत्ताला होती.

"सरका बे, मुडद्यांनो!" मागून आवाज आला. चतुराबाई पदर खोचून आली होती, सोबत बायनाबाई आणि गल्लीतल्या दहा-बारा बायका. तिनं पहिल्या माणसाच्या हातातली काठी हिसकली आणि चरावर आडवी टाकली. मग दुसऱ्याची. बायनाबाईनं शेरडं बांधायचं चऱ्हाट काढलं आणि काठ्या आवळून बांधल्या. पलीकडं विहीणबाईंनी तेच केलं, आणि त्यांच्याकडं तर साठ काठ्या होत्या. शंभर माणसं रिकामे हात घेऊन उभी राहिली. काठी नसताना हात कुठं ठेवायचा तेच कुणाला सुचेना. बाजेवर घालून लखननं आणि बायकांनी पोरीला दोन्ही चरांवरून आणलं, माझ्या समोरून नेलं. जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं.

पाऊण वाजता उपकेंद्रात मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी दाराबाहेर उभा राहून लहान मुलासारखा रडलो. चतुराबाई बाहेर आली आणि तिनं एवढंच विचारलं, "त्या सभेत तुमी कावून बोल्ला न्हाईत?"

"मला वाटलं, कुनीतरी बोलंल."

त्यानंतर ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

तुम्हाला वाटेल, आता तरी शहाणपण आलं असेल. आलं ना. पुढच्याच आठवड्यात मंडळाची आढावा बैठक झाली. अंगदरावांनी निष्कर्ष मांडले. भोंगा वेळेवर वाजला. कॅमेऱ्यांनी हालचाल टिपली. फौज अकरा मिनिटांत गोळा झाली. आणि मुख्य म्हणजे युद्ध झालं नाही. याचा अर्थ केलेला खर्च सत्कारणी लागला. मित्रपक्षांनी खंबीर साथ दिल्याबद्दल आसारामांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. काही उणिवा मात्र उघड्या पडल्या होत्या. चर इतका अरुंद की काठ्या आडव्या टाकून बायका तो ओलांडतात. तेव्हा एक, चर पंधरा फूट रुंद करण्यात यावा. दोन, काठ्यांची लांबी चार फुटांवर आणावी, म्हणजे त्यांचा असा गैरवापर होणार नाही. तीन, दोन आण्यांचे चार आणे करावेत. सोमेश्वरकडं कोटेशन तयारच होतं. घाईत त्यानं आधी सराटेगावचं काढून दिलं, मग आमचं दिलं. आकडे सारखेच असल्यानं कामाचा खोळंबा झाला नाही.

कलम तीनसमोरची जागा मोकळीच आहे. यथावकाश.

गेल्या आठवड्यात सूचना मी लिहिली, फळ्यावर मीच चिकटवली. 'हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवावे. मुदतीत हरकत न आल्यास सर्वांची संमती आहे असे समजण्यात येईल.' नातीला कालच सव्वा महिना झाला. तिला आईसोबत सराटेगावला धाडायचंय, आणि तिचा बाप रोज संध्याकाळी पलीकडच्या काठावर येऊन उभा राहतो.

आज सातवा दिवस आहे. सकाळपासून मी फळ्याखाली खुर्ची टाकून बसलोय. बायनाबाई येऊन गेली. या खेपेला तिनं झेरॉक्स पदराच्या गाठीला बांधूनच आणली होती. "मागल्या टायमाचीच हाय," ती हसून म्हणाली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मागची चालत न्हाई, ह्या महिन्याची लागतीय." ती परत उमापूरला गेलीय. एकतीस वर्षांची सवय हो, जीभ आपोआप वळते.

माझा स्वतःचा हरकतीचा अर्ज माझ्या खिशात आहे. तीन प्रती, झेरॉक्ससकट. पण सचिवानंच पहिली हरकत घ्यायची म्हणजे कसं दिसेल? कुणीतरी पहिली घेतली की दुसरी माझी, हे नक्की. सकाळपासून पन्नास माणसं सूचना वाचून गेली. प्रत्येकानं वाचली, मान हलवली, माझ्याकडं पाहिलं आणि गेला.

तुम्हीही आत्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलीत. मधे दोन-चारदा हसलातही. कार्यालय पाचला बंद होतं, पावणेपाच झालेत. हरकतींची आवक वही मी उघडून ठेवलीय, क्रमांक एकपुढची ओळ कोरी आहे, पेनही तिथंच आहे.

माझ्याकडं काय बघताय?